एखादा राहतोच

"एखादा राहतोच," असं म्हणून बाई उजव्या हाताचं बोट वर करायच्या आणि ते काही क्षण तसंच हवेत ठेवायच्या. सहलीची बस सुटताना पोरं मोजून झाली की हे बोट. डबा खाऊन झाला आणि तळाशी शेंगदाणा दिसला की हे बोट. एका वर्षी मुख्याध्यापक खुशीत म्हणाले, की यंदा सगळे पेपर तपासून झाले, तेव्हाही बाईंनी बोट वर केलं. संध्याकाळी कपाटामागे पडलेला गणिताचा एक पेपर शिपायाला सापडला. मुख्याध्यापकांना तो बाईंनीच तिथे टाकला असावा असा संशय बरेच दिवस होता.

कर्जतच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती, भिसेगावात घरंही एका गल्लीच्या अंतरावर होती. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच. आवाज मैदानापलीकडे जाणारा, पदराला कायम खडू लागलेला. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर "वेळच नाय मिळाला गं" म्हणून त्या मोकळ्या होत. एरवी त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या, पण माया दाटली किंवा राग आला की तोंडात त्यांचं गाव यायचं.

आता त्या आमच्या शाळेत नाहीत. जूनमध्ये त्यांनी संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली मागून घेतली. का मागितली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण आम्हाला ते माहीत होतं. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, पण लिहायला बसलो की आधी आमच्या सगळ्यांचीच लाज वाटू लागते.

पण आधी बाई बघा कशा होत्या. अणूची रचना शिकवायच्या दिवशी त्या पर्समधून मोहरीचा दाणा काढायच्या आणि मैदानाच्या मधोमध शिपायाला उभं करून त्याच्या तळहातावर ठेवायच्या. हे केंद्रक. सगळे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यात दाटीवाटीने बसलेत. आता इलेक्ट्रॉन कुठे असेल, ते दाखवा. कुणी वीतभर दाखवायचं, कुणी चार पावलं मागे सरकायचं. बाई चालू लागायच्या आणि सगळा वर्ग त्यांच्या मागे. फाटक ओलांडून, रस्ता ओलांडून त्या रिक्षा स्टँडपाशी थांबायच्या आणि म्हणायच्या, इथे. आणि मधे काय? मधे आंब्याचं झाड, सायकली, मुख्याध्यापकांची स्कूटर. बाई म्हणायच्या, मधे काही नाही. तुमच्यात, माझ्यात, ह्या रिक्षात, सगळीकडे बहुतेक जागा रिकामीच आहे. एकदा एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून सांगितलं, "रिकामीच हाय बाई, कुठं सोडू?" त्या दिवशी वर्ग हसत हसत परस्पर घरी गेला. तास संपल्याचं शिपायाला कुणी सांगितलंच नाही, तो बिचारा मोहरी घेऊन उन्हात उभा.

किरणोत्साराचा तास तर शेजारच्या वर्गातल्या पोरांनाही पाठ होता. बाई सगळ्यांना उभं करायच्या आणि प्रत्येकाला नाणं उडवायला सांगायच्या. छापा पडला तो खाली बसला, म्हणजे तो अणू फुटला, किरण टाकून मोकळा झाला. पहिल्या फेरीत साधारण निम्मा वर्ग बसायचा, दुसऱ्या फेरीत उरलेल्यातला निम्मा. बाई सांगायच्या, की कोण बसणार ते मला कधीच सांगता येणार नाही, पण किती बसणार ते येईल, आणि निम्मे बसायला जेवढा वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. शेवटी एखादं पोर फेरीमागून फेरी उभंच राहायचं. वर्ग त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागायचा. बाई त्याला लिमलेटची गोळी द्यायच्या, बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "एखादा राहतोच." मग घंटा व्हायची. कर्जत-खालापुरात आज तिशी-पस्तिशीचं जे कुणी आमच्या शाळेतून गेलं असेल, ते बाकी सगळं विज्ञान विसरलं असेल, पण हा तास नाही.

मी त्यांना चिडवायचो, की तुमच्या विज्ञानात सगळं एक तर रिकामं किंवा फुटणारं, यापेक्षा आमच्या कविता बऱ्या. त्या म्हणायच्या, कवितेत काय हाय ते तरी कुठं दिसतं.

शिवाशिवीचं त्यांना भयंकर वावडं होतं. शाळेच्या गणपतीत आठवी-नववीच्या काही मुली मागे भिंतीशी बसून राहायच्या. बाई त्यांना हाताला धरून पुढे आणायच्या आणि आरतीचं ताट त्यांच्याच हातात द्यायच्या. आपल्या अडचणीच्या दिवसांत दूर्वा निवडायला बसायच्या आणि तसं स्टाफरूममध्ये सांगायच्याही. आम्ही पुरुष मंडळी अशा वेळी छताच्या पंख्याकडे फार लक्ष देऊन पाहत असू. "रक्त हाय ते, भूत नाय," असं त्या म्हणायच्या आणि चहा मागवायच्या.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. मुंबईत ऑपरेशन करून थायरॉइड काढून टाकली. तिच्या चुकूनमाकून उरलेल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं. जाण्याआधी बाईंनी त्याचाही तास घेतला, स्टाफरूममध्ये, उभ्याने. ही ग्रंथी आयोडीनला अधाशी असते, समोर आलं की खाते, साधं कुठलं आणि किरण टाकणारं कुठलं हे तिला कळत नाही, म्हणून तिला आतूनच भाजता येतं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवस. शिवाय बरंचसं शरीर स्वतःच बाहेर टाकतं. काही दिवस मी लोकांपासून लांब राहीन, लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून जरा जास्त दिवस, मग संपलं. आम्ही माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, की बाई, तुम्ही आजारातसुद्धा शिकवताय.

त्या इस्पितळात वेगळ्या खोलीत एकट्या असतानाच त्यांच्या भावाला मुलगी झाली. हा धाकटा भाऊ खोपोलीला शिळफाट्यावर राहतो, त्याचा टेंपो आहे. त्याची बायको आमच्याच शाळेची, बाईंच्या हाताखाली शिकलेली. लग्नानंतरही ती नणंदेला 'बाई'च म्हणायची आणि समोर बसायला कचरायची. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सगळे उपाय झाले, सगळे देव झाले, आणि मग ही मुलगी. बाईंनी खोलीतून फोन केला तो आधी आमच्याकडे. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला कळेना. "तिच्या कानात नाव मी सांगणार," त्या म्हणाल्या. "आत्याचा हक्क हाय तो. माझ्याआधी कुणी तिला हाक मारली तर बघा."

भावाने बारावा दिवस टाळला. सव्वा महिन्यानंतरची तारीख धरली, म्हणजे बाईंचे लांब राहण्याचे दिवस संपून वर भरपूर वेळ जाईल. तेवढे दिवस ती पोर बाळ, बबडी, चिमणी असल्या नावांवर वाढत राहिली.

बाई घरी आल्या आणि त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं. ताट वेगळं, कपडे वेगळे, सगळं त्या स्वतःच काटेकोर पाळत होत्या. माझी बायको डबा करून त्यांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची, मग पायऱ्यांखालून हाक मारायची. बाई खिडकीत यायच्या आणि भाजीला मीठ कमी होतं वगैरे सांगायच्या. गल्लीतले लोक येता-जाता खालूनच विचारपूस करायचे. तेव्हा आम्हाला आमचा फार अभिमान वाटला. लांब राहायचं होतं, आम्ही शिस्तीत लांब राहिलो.

दिवस संपले. डॉक्टरांनी तपासून शाळेत जायला सांगितलं. बाई पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये आल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि चहा आला. आमचा चहा नेहमीच्या कपांत होता, बाईंचा कागदी कपात. शिपायाला तसं कुणी सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ट्रे टेबलावर आला तेव्हा प्रत्येकाने आपला कप उचलला आणि एक कप आपोआप उरला. बाईंनी तो पाहिला. नव्याने आलाय वाटतं हा प्रकार, असं काहीतरी म्हणून त्यांनी चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशीही तो तसाच आला.

वेगळा कप कसा ठेवायचा हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या आजोबांच्या पडवीत वळचणीला एक कपबशी पालथी घातलेली असायची आणि ती कुणासाठी ते लहान पोरांनासुद्धा माहीत असायचं. त्यावरचा धडा शिकवताना आज वर्गात माझा आवाज चढतो. पोरं गप्प होतात. तो धडा शिकवून मी स्टाफरूममध्ये यायचो, आपला काचेचा कप उचलायचो आणि शेजारच्या टेबलावर कागदी कप असायचा.

बाकीचंही हळूहळू दिसू लागलं. पोरं वह्या हातात न देता टेबलावर ठेवत. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण वाण आधीच पिशवीत घालून बाईंच्या दाराच्या कडीला अडकवलेलं असायचं. कुणी वाईट बोलत नव्हतं, उलट सगळे जास्तच गोड बोलत होते. बाईही तारखेवर डोळा ठेवून होत्या. बारसं झालं, ती पोर मी मांडीवर घेतली, की लोकांचं आपोआप जाईल, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

बारशाच्या आधीच्या आठवड्यात नववीच्या वर्गात एका मुलीने अवघड उत्तर बरोबर दिलं. बाईंची सवय अशी, की खूश झाल्या की डोक्यावर टपली मारायच्या. त्यांनी हात नेला आणि मुलगी बाकावरून खाली सरकली. बाईंनी विचारलं, काय गं? मुलगी रडवेली झाली. "आई म्हणाली जवळ नको जाऊस," ती म्हणाली. "तिला तुमीच शिकवलंत ना, एखादा राहतोच म्हणून."

मला हे बाईंनीच सांगितलं, प्रयोगशाळेत. शाळा सुटली होती. त्या उंच स्टुलावर बसल्या होत्या आणि समोर काहीच नव्हतं, नाही तर त्यांचे हात कधी रिकामे नसत.

"सर, चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "एखादा राहतो हे खरंच हाय. पण तो एखादा करतो काय? काही नाय. केळ्यात असले अणू हायत, बटाट्यात हायत, तुमच्या हाडामांसात जन्मापासनं हायत, आत्ता आपण बोलतोय तेवढ्यात फुटतायत. हे मी कुठं सांगितलं? गोळी दिली, टाळ्या घेतल्या आणि तास संपवला. राहतो एवढं शिकवलं. किती राहतो, ते विचारायला शिकवलं नाय, कारण ते परीक्षेला येत नव्हतं. मला लाज वाटते."

मी म्हणालो, की पोर्शन केवढा असतो, कुणाला एवढा वेळ असतो. हे खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. लाज त्यांना वाटावी असं त्यात काय होतं? ज्यांना वाटायला हवी होती त्यातला एक त्यांच्यासमोर उभा होता आणि पोर्शनचं बोलत होता. त्या कपाबद्दल तेव्हा बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नववीला तो धडा पुन्हा घेतला, या वेळी केळी आणि बटाटे टेबलावर मांडून. पोरांना कळलं. ती मुलगी तर तास संपल्यावर मुद्दाम पुढे येऊन उभी राहिली. पण तिची आई शाळा सोडून गेल्याला किती वर्षं झाली होती, आणि अशा आया गावोगाव होत्या.

बारशाला आम्ही माझ्या गाडीतून गेलो. एरवी माझी बायको बाईंशेजारी मागे बसायची, दोघींच्या गप्पांत मला कुणी विचारायचंही नाही. त्या दिवशी ती पुढे बसली, ऊन लागतं म्हणाली. बाई मागे एकट्या. त्यांनी नवी साडी नेसली होती. मांडीवर बाळाच्या झबल्याची पिशवी होती. पळसदरीच्या पुढे आल्यावर त्या म्हणाल्या, की पुन्हा एकदा डॉक्टरांना विचारून आले, ते हसले, बाळ खुशाल मांडीवर घ्या म्हणाले. आम्ही म्हणालो, छानच झालं. थोड्या वेळाने त्यांनी असंही सांगितलं, की झबलं घरी शिवलेलं नाही, दुकानातून आणलंय, पिशवीसुद्धा उघडलेली नाही.

शिळफाट्याला भावाचं दोन खोल्यांचं घर माणसांनी भरलं होतं. बाई आत गेल्या तशी गर्दी त्यांना वाट देत बाजूला झाली, जरा जास्तच बाजूला. झबलं भावजयीच्या आईने घेतलं आणि कपाटावर ठेवलं. भावाने वाकून नमस्कार केला तो लांबून. बाळ झोपलेलं होतं, आईच्या कुशीत, पलीकडच्या भिंतीशी. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आपल्याकडे उचलून देतील याची त्या वाट पाहत होत्या हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

पाळणा झेंडूने सजवला होता. त्यात आधी वरवंटा ठेवतात, दुपट्यात गुंडाळून, काजळाचं बोट लावून. तसा तो ठेवला, बायकांनी झोका दिला, पाळणे म्हटले. आता तो काढून बाळ ठेवायचं आणि आत्याने कानात नाव सांगायचं. पण भावजय जागची उठेना. तिने आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग खाली बघून बोलली.

"बाई, तुमी ह्यालाच नाव सांगा. बाळ लय लहान हाय अजून. मी त्याला मागनं ठेवते."

बाईंनी भावाकडे पाहिलं. ज्या भावाने त्यांच्यासाठी बारसं एवढं पुढे नेलं, तो टेंपोची किल्ली बोटावर फिरवत होता. मला वाटलं, आता बाई तास घेतील. आठ दिवस, निम्मे, निम्म्याचे निम्मे, केळी, बटाटे, सगळं त्या आवाजात येईल आणि आम्ही सगळे वर्गात बसल्यासारखे खाली माना घालू. तसं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

"बरं गं," बाई म्हणाल्या.

तुम्हाला रीत माहीत आहे. आत्या वाकते, कानाशी तोंड नेऊन कुर्र करते, नाव सांगते, आणि तेवढ्यात मागे टपून बसलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. माझ्या मुलाच्या बारशाला माझ्या बहिणीची पाठ चांगली शेकली होती, ती आठवडाभर सगळ्यांना ते कौतुकाने सांगत होती. मान असतो तो आत्याचा. जितके बुक्के जास्त तितकी आत्या लाडकी.

बाई पाळण्यावर वाकल्या. दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली, वरवंट्याला तोंड लावलं आणि कुर्र केलं. नाव त्यांनी इतकं हळू सांगितलं, की आमच्यापैकी कुणालाच ते ऐकू आलं नाही. बायका मागे उभ्या होत्या, रीतीप्रमाणे हात वर झालेले होते. आणि एकदम सगळ्या हातांना काम आठवलं. कुणी पदर सारखा केला. कुणी हळदीकुंकवाची कोयरी उचलली. माझ्या बायकोने दुपट्याची घडी घालायला घेतली, आणि ते आधीच घडी घातलेलं होतं. मी दारात घुगऱ्यांचा द्रोण घेऊन उभा होतो. हे बायकांचं असतं, पुरुषांनी यात पडायचं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं.

बाई तशाच वाकून राहिल्या, पाठ पुढे करून. बराच वेळ राहिल्या. मग त्यांनी आपलाच हात मागे नेला, कमरेवर ठेवला, आणि त्या आधाराने सरळ झाल्या.